पाचवा उद्गार

आमच्या लातूरच्या ख्रिस्ती मंडळीत गुड फ्रायडेचे सात उद्गार म्हणजे वतनाच्या जमिनी होत्या. एकदा कुणाच्या नावावर चढल्या की मरेपर्यंत सुटायच्या नाहीत. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रभू येशू क्रुसावर असताना सात वेळा बोलले. त्या दिवशी दुपारी बारा ते तीन सगळी मंडळी उपाशीपोटी चर्चमध्ये बसते, आणि सात जण पुलपीटवर, म्हणजे उपदेशाच्या मंचावर, चढून एकेका उद्गारावर बोलतात. प्रत्येकाला वीस मिनिटं. आता वीस मिनिटं म्हणजे किती, हे आमच्या म्हाताऱ्यांना कोण सांगणार? मागच्या साली तीनला सुटायची उपासना पाचला सुटली आणि निम्मे लोक त्याआधीच चपला घालून गेले होते.

पहिला उद्गार क्षमेचा. तो गुरुपादप्पांचा. ते मूळचे उदगीरकडचे, रंगात आले की कानडीत शिरतात, आणि मग त्यांना परत मराठीत आणायला पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, खोकावं लागतं. पाचवा उद्गार तहानेचा, 'मला तहान लागली' हा. तो आमच्या ह्यांचा, म्हणजे अण्णारावांचा. हे एसटीत कंडक्टर होते, लातूर-औसा-निलंगा लाइनवर. नोकरी संपली, पण आवाज अजून ड्युटीवर आहे. तहानेवर बोलायला लागले की गेटबाहेरच्या रसवंतीवाल्यालाही सगळं ऐकू जायचं. बोलणं दर साली एकच. "मंडळींनो, ही तहान पाण्याची नव्हे. ही तहान तुमच्या-माझ्या आत्म्यांची." ज्या साली लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या सालीसुद्धा हेच. बाहेर रस्त्यावर घागरींची लाइन लागलेली, आणि हे आत घसा फोडून सांगायले, ही तहान पाण्याची नव्हे. मी बाकावर बसून मनात म्हटलं, आवरा हो आता, मला घरी जाऊन टँकर गाठायचाय.

पण खोटं कशाला बोलू, मला अभिमानही वाटायचा. ह्यांचा आवाज लागला की लेकरं रडायची थांबायची. बाया पदर सावरून बसायच्या. अण्णारावांचा उद्गार, असं लोक म्हणायचे. प्रभूचा कुणी म्हणत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

माझं नाव सिंधु. मी संडे स्कूलची बाई. आज मंडळीत जी पोरं-पोरी वीस-पंचविशीची आहेत, ती सगळी माझ्या हाताखालून गेलेली. गीतं पाठ करून घेतली, कान पिळले, नाताळच्या नाटकात मेंढरं केली, देवदूत केले. ती मोठी झाली आणि एकेक करून दिसेनाशी झाली. सगळी काही पुण्याला गेली नव्हती. कितीतरी इथंच होती, गांधी चौकात दिसायची, "सलाम बाई" म्हणायची आणि रविवारी घरी झोपायची. मला त्याचा लई त्रास व्हायचा. शिकवायचं मी आणि झोपायचं पोरांनी, असं कसं चालेल.

उपासकाळ, म्हणजे गुड फ्रायडेआधीचे चाळीस दिवस, सुरू व्हायच्या आधी पंचकमिटीची मीटिंग झाली. महिला मंडळातर्फे मीही कमिटीत आहे. आमचे पाळक आलोकसाहेब तरुण आहेत, दीड वर्षापूर्वीच आले. त्यांनी हळूच विषय काढला, "यंदा साती उद्गार तरुण संघाला द्यावेत असं माझ्या मनात आहे."

गुरुपादप्पा म्हणाले, "पोरांना काय कळतंय क्रुसाचं? त्यांना मोबाइल कळतो."

माझं डोकं फिरलं. तसं ते लवकर फिरतं, हे सगळ्या मंडळीला माहीत आहे.

"अप्पा," मी म्हटलं, "तुम्ही पहिल्यांदा पुलपीटवर चढला तेव्हा मी समोर बसले होते. तुमचे पाय लटलट कापत होते. आमेन आधी म्हणालात आणि प्रार्थना मागून केलीत. तेव्हा तुम्हाला काय कळत होतं?"

दोघं-तिघं हसले. अप्पाही कसनुसं हसले.

"पोरं येत न्हाईत म्हणून दर मीटिंगला रडायचं," मी म्हटलं, "आणि आली की सांगायचं, सतरंजी घाल, मांडव बांध, माइक धर. माइक धरायला चालतात, मग माइकमध्ये बोलायला का चालत न्हाईत? माझ्या हातची पोरं आहेत ती. एकानं जरी मान खाली घालायला लावली तर मी संडे स्कूल सोडते."

ठराव मंजूर झाला. आता पटलं म्हणून झाला की मी संडे स्कूल सोडलं तर लेकरं कोण सांभाळणार या भीतीनं झाला, ते प्रभूला माहीत.

त्या मीटिंगला आमचे हे नव्हते. देगलूरला नातेवाइकाच्या लग्नाला गेले होते. इथंच सगळा घोळ झाला.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी सात जणांना बोलावलं आणि चिठ्ठ्या उचलायला लावल्या, म्हणजे कुणी म्हणू नये की ह्याला सोपा दिला आणि त्याला अवघड. आमची सृष्टी त्यात होती. सृष्टी आमची एकुलती एक. नांदेडला एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे, तिथंच मैत्रिणींबरोबर खोली करून राहते आणि सुट्टी मिळाली की एसटीनं येते. तिनं चिठ्ठी उघडली आणि तिचा चेहराच उतरला. पाचवा. तहानेचा.

आता हे घरी सांगायचं कुणी? पाळकसाहेबांना वाटलं, घरातली गोष्ट आहे, सृष्टीनं सांगितलं असेल. सृष्टीला वाटलं, मम्मी सांगेल. मला वाटलं, हे काम पाळकांचं, पगार त्यांना मिळतो. पाळकसाहेब दोनदा घरी आलेही. चहा प्यायले, पेन्शनची चौकशी केली, ह्यांच्या गुडघ्यासाठी प्रार्थना केली आणि गेले. गुरुपादप्पांना वाटलं, अण्णारावांना सगळं माहीत आहे आणि त्यांनी मोठ्या मनानं मान्य केलंय, म्हणून त्यांनी कौतुकानं ह्यांचा हातही दाबला. ह्यांना वाटलं, लग्नाहून आलो म्हणून विचारपूस करायलेत. आमच्यात माणसाला इतका मान देतात की त्याच्या कामाची गोष्ट त्यालाच सांगत नाहीत.

दर साली चर्चच्या गेटवर फ्लेक्स लागतो. सात उद्गार आणि त्याखाली सात फोटो. ह्यांचा फोटो जुन्या ओळखपत्रावरचा, मिशा काळ्याभोर. यंदाचा फ्लेक्स पोरांनी केला आणि हौसेनं गुड फ्रायडेच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारीच लावला. त्या दिवशी आमची मिरवणूक निघते. हे सगळ्यांच्या पुढं होते, हातात शिंदीची फांदी, तोंडानं होसान्नाचा जयघोष. गेटासमोर आले, वर बघितलं आणि होसान्ना मध्येच थांबला. पाचव्या उद्गाराखाली सृष्टीचा फोटो होता, नर्सच्या ड्रेसमधला. मागची मंडळी तशीच गात पुढं आली आणि ह्यांच्या पाठीवर आदळली.

ह्यांनी फांदी गेटाला टेकवून ठेवली आणि चालत घरी आले. मी मागोमाग.

"मला काढायचं होतं तर तोंडावर सांगायचं," हे म्हणाले. "फ्लेक्सवर कळवायचं? सगळ्या मंडळीला माहीत, बायकोला माहीत, पोरीला माहीत, आणि मी खुळ्यागत होसान्ना करत फिरायलो."

"कुणी काढलं न्हाई तुम्हाला. पोरांना संधी द्यायची म्हणून..."

"द्या की. मी कुठं न्हाई म्हणतो? पण आता त्या चर्चच्या उंबऱ्याच्या आत मी पाय ठेवत न्हाई. बघत राहा."

चूक आमची होती, हे मला दिसत होतं. मी तसं म्हणणारही होते. पण समोरचा श्वास घ्यायला थांबला तरच माणूस माफी मागेल ना? हे आठवडाभर थांबलेच नाहीत. पहिल्या दिवशी बोलून, आणि पुढं न बोलून.

गुरुवारी सृष्टी नांदेडहून आली. "पप्पा, सलाम" म्हणाली. हे "सलाम" म्हणाले आणि पेपर उघडला. पेपर सकाळचाच होता, दोनदा वाचून झालेला. पोरगी स्वयंपाकघरात आली आणि माझ्या शेजारी पाटावर बसली.

"मम्मी, मी पाळकसाहेबांना फोन करते. हा उद्गार पप्पांनाच देऊन टाका म्हणते."

"का?"

"पप्पांचं काहीतरी हिसकावून घेतल्यासारखं वाटायलंय. आणि मला त्यांच्यासारखं बोलता पण येत नाही. ते आत बसणार नसतील तर मी पुलपीटवर चढणारच नाही."

मी भाकरी तव्यावर टाकली आणि तिच्याकडं वळले. राग आला होता, पण तो बाजूला ठेवला. पोरीचे हात बघितले, नुसते चुळबुळ करायलेले. लहानपणी गीत विसरली की अशीच करायची.

"हा उद्गार तुझ्या पप्पांनी घरून आणला का?" मी म्हटलं. "त्यांना शंकरप्पा मास्तरांनी दिला. मास्तर धडधाकट होते, बोलायलाही चांगले होते. पण एके साली उठले आणि म्हणाले, आता ह्या कंडक्टर पोराला बोलू द्या. तुझे पप्पा तेव्हा तुझ्याच वयाचे होते. दिलं म्हणून मिळालं. मिळालं ते आता पुढं जायलंय, एवढंच."

"पण पप्पांनी दिलं नाही ना. आपण घेतलं."

खरंच होतं ते.

"पप्पांचं मी बघते," मी म्हटलं. "तू एवढं लक्षात घे. तू खाली बसलीस तर उद्या सगळे म्हणतील, बघा, पोरांच्यानं होत न्हाई. ती सहा पोरं बोलतील, त्यांचं कुणी आठवणार न्हाई. तू न बोललेली तेवढी आठवतील. आणि पुढच्या साली एकही पोरगी चिठ्ठी उचलायला यायची न्हाई. तुला सांगायचं काय आहे, ते सांग मला."

"पप्पांसारखं मोठं काही नाही. वॉर्डात जे बघते तेच आहे."

"मग तेच सांग. मोठं सांगणारे लई झाले आपल्याकडं."

तिनं उठून ताटं घेतली. फोन केला नाही. पण उद्या ती चढेल की ऐन वेळेला मागं फिरेल, याची मला खात्री नव्हती. त्या रात्री जेवताना तिघांत बोलणं झालं ते फक्त मिठाबद्दल.

शुक्रवारी सकाळी ह्यांनी पांढरा शर्ट घातला. मला वाटलं, बरं झालं, आले वळणावर. तर म्हणाले, "मी औशाला ताईकडं चाललो. संध्याकाळी येतो." उपास होता, पाण्याचा थेंब घेतला नाही. पिशवी घेतली आणि निघाले. सृष्टी आतल्या खोलीतून ऐकत होती.

"चल," मी म्हटलं. "साडी नीट कर. न्हाई, ड्रेसच बरा, ओढणी घे. आणि माझा हात सोड, घाम आलाय तुला."

चर्च भरलं होतं. लाइट गेली होती, पंखे बंद, माइक तेवढा बॅटरीवर. दारं-खिडक्या सताड उघड्या. मी पुढून तिसऱ्या बाकावर, खिडकीशी बसले. म्हातारे सगळे एका ओळीत बसले होते, हाताची घडी घालून. कुठं चुकतंय ते बघायलाच आल्यासारखे.

आणि मग माझी पोरं एकेक करून उठली. आयटीआयला शिकणारा पोरगा क्षमेवर बोलला. त्याच्या भावाचा आणि त्याचा प्लॉटवरून अबोला होता, तो कसा सुटला, एवढंच सांगितलं आणि वेळेच्या आत बसला. लोकांनी एकमेकांकडं बघितलं, संपलं का म्हणून. गुरुपादप्पांनी चष्मा काढला आणि रुमालानं बराच वेळ पुसला. दुसरी पोरगी कोचिंग क्लासमध्ये शिकवते, ती बोलली. तिसरा अडखळला, कागद खाली पडला, उचलला आणि परत सुरू झाला. कुणी हसलं नाही. मी मागं वळून बघितलं, कुणी उठूनही गेलं नव्हतं. पुढचं गीत मी सगळ्यांच्या वरच्या सुरात म्हटलं.

चौथा उद्गार चालू होता तेव्हा मी खिडकीबाहेर बघितलं. आवारात भिंतीजवळ पांढरा शर्ट दिसला. आमचे हे. औशाला गेलेच नव्हते. पिशवी पायाशी ठेवून उभे होते. लिंबाची सावली पलीकडं होती, तिथं बसायला ओटाही होता. पण तिथून आतलं ऐकू येत नाही. जिथून ऐकू येतं तिथं ऊन होतं, म्हणून हे उन्हात उभे होते. किती वेळचे उभे होते कोण जाणे. ओठ पांढरे पडले होते. मी हातानं खुणावलं, आत या. ह्यांनी तोंड दुसरीकडं फिरवलं.

तेवढ्यात पाळकसाहेबांनी पाचवा उद्गार पुकारला. सृष्टी उठली.

पुलपीटवर चढली, माइक खाली केला आणि समोर बघितलं. पुलपीटवरून सरळ दार दिसतं, आणि दारातून आवार. ती थांबली. मला कळलं, तिलाही हे दिसले. मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. मी मनात म्हटलं, बोल गं माझ्या बाई, बोल.

"मी नर्स आहे," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण स्पष्ट. "ऑपरेशन झालेला पेशंट शुद्धीवर आला की पहिलं हेच म्हणतो. सिस्टर, तहान लागली. श्रीमंत असो, गरीब असो, हेच म्हणतो. पण लगेच पाणी देता येत नाही. मग आम्ही गॉजच्या कापडाचा तुकडा ओला करतो आणि ओठांना लावतो. त्यानं तहान भागत नाही. तरी पेशंट शांत होतो, कारण आपलं कुणीतरी ऐकलं हे त्याला कळतं."

ओढणी सावरून ती पुढं बोलली.

"माझ्या पप्पांनी मला शिकवलं, ही तहान आत्म्यांची. ते खरंच आहे. पण प्रभूचे ओठही वाळले होते. तिथं कितीतरी लोक होते. हसणारे होते, रडणारे होते, नुसते बघणारे सगळ्यात जास्त होते. त्यातला एक जण उठला. स्पंज भिजवला, काठीला लावला आणि वर धरला. तो शिपाई असेल, शत्रू असेल, थट्टेनंही केलं असेल. पण हात त्यानंच वर केला. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. मी हा उद्गार वाचते तेव्हा मला वाटतं, मी तिथं असते तर काय केलं असतं? उठले असते की..."

आणि ती थांबली. दाराकडं बघत राहिली. मग तिनं माइक बाजूला केला आणि पुलपीटवरून खाली उतरली.

मला वाटलं, गेलं सगळं. रडू आलं असणार पोरीला. म्हाताऱ्यांच्या ओळीत कुजबुज सुरू झाली. पाळकसाहेब अर्धवट उठले. सृष्टी मधल्या वाटेनं सरळ मागं गेली. दाराजवळ माठ असतो, उपासाच्या दिवशी त्यावर फडकं टाकून ठेवतात. तिनं फडकं काढलं, ग्लास बुडवला आणि बाहेर गेली. सगळी मंडळी वळून बघत होती. मी खिडकीशी होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"पप्पा, पाणी."

"उपास हाय माझा. तीन वाजेपर्यंत."

"मग पिऊ नका," ती म्हणाली. ओढणीचं टोक ग्लासात बुडवलं, पिळलं आणि ह्यांच्या ओठांना लावलं. दवाखान्यात लावते तसंच लावलं असणार, सावकाश, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. "आणि पप्पा, तुम्हाला आधी विचारायला पाहिजे होतं. मी विचारलं नाही. चुकलं माझं."

भरल्या गाडीत साऱ्या पॅसेंजरला दरडावणारा माझा नवरा. उभा होता तसाच राहिला. डोळे भरून आले ते त्यांनी पुसलेही नाहीत.

मग म्हणाले, "झालं का तुझं बोलून?"

"नाही. राहिलंय अजून."

"मग मंडळीला बसवून हितं काय करायलीस? चल."

आणि हे निघाले. पुढं हे, मागं ती, हातात तो ग्लास. उंबऱ्याशी क्षणभर थांबले. मग पाय आत ठेवला आणि मधल्या वाटेनं सरळ पुलपीटकडं चालायला लागले. गुरुपादप्पा शेजारच्याला म्हणाले, "झालं, आता हे सुरू होणार." मलाही तेच वाटलं. इतकी वर्षं ह्याच दिवशी, ह्याच वेळेला ते तिथं चढत आले होते, पायांना दुसरी वाट माहीतच नव्हती.

हे पुलपीटच्या पायरीपर्यंत गेले आणि मंडळीकडं तोंड करून उभे राहिले.

"मंडळींनो," ह्यांनी म्हटलं. माइकची गरज नव्हतीच. "माझ्या पोरीचं बोलणं राहिलंय. कुणी उठायचं न्हाई. ऐका."

आणि पुढच्या सतरंजीवर, जिथं माझी संडे स्कूलची लेकरं बसतात, तिथं त्यांच्यात मांडी घालून बसले. गुडघा दुखत होता, बसताना तोंड वाकडं झालं, ते मला दिसलं. लेकरांनी सरकून जागा दिली.

सृष्टी परत चढली. आता तिचा आवाज बारीक नव्हता. पुढारीपण म्हणजे पुलपीटवर उभं राहणं नव्हे, तहान ऐकू आली की आधी उठणं, असं काहीसं ती म्हणाली. आपल्याच मंडळीत कोण कोण आजारी आहे, कोण एकटं आहे, त्यांची नावं घेतली आणि तरुण संघ दर आठवड्याला त्यांच्या घरी जाणार हे सांगितलं. शेवटी म्हणाली, हे बोलायची हिंमत मला घरातूनच मिळाली. वीस मिनिटं व्हायच्या आत आमेन म्हणाली. सगळ्यात मोठं आमेन सतरंजीवरून आलं. शेजारचं एक लेकरू दचकलं.

मी रडले. लपवलं नाही. माझी पोरगी, माझा नवरा, माझी सातही पोरं, सगळ्यांचा एकदम अभिमान वाटत होता आणि तो कुठं ठेवावा ते कळत नव्हतं.

उरलेली दोघंही वेळेत बोलली आणि बरोबर तीनला उपासना सुटली. आवारात सगळे सावलीला उभे राहून पाणी पीत होते. पाळकसाहेब ह्यांच्यासमोर आले आणि हात जोडून माफी मागायला लागले. ह्यांनी त्यांचे हात खाली केले. म्हाताऱ्यांनी पोरांना घेरलं होतं, पाठीवर थापा मारत होते. गुरुपादप्पा आमच्याकडं आले. त्यांना खरंच भरून आलं होतं.

"अण्णाराव," ते म्हणाले, "पोरगी अगदी तुमच्यासारखी बोलते बघा."

ह्यांनी ग्लास रिकामा केला, तोंड पुसलं.

"माझ्यासारखी न्हाई, अप्पा," हे म्हणाले. "मी इतकी वर्षं तहानेवर बोललो. खाली उतरून पाणी घेऊन मी कुणाकडं कधीच गेलो न्हाई."

हे त्यांनी कानात सांगितलं नाही. भरल्या आवारात, सगळ्या मंडळीसमोर, त्याच आवाजात सांगितलं.